मंगळवेढ्याचा वळसा

नोकरीभर मी भूगोल शिकवला. म्हणजे दुसऱ्यांनी शोधलेल्या नद्या, दुसऱ्यांनी मोजलेले डोंगर आणि दुसऱ्यांनी काढलेले नकाशे मुलांच्या गळी उतरवले. निवृत्तीच्या दिवशी शाळेने मला शाल, नारळ आणि पृथ्वीचा गोल दिला. घरी आणल्यावर कळलं, हा गोल स्टाफरूममधलाच आहे. श्रीलंकेजवळ पोचा होता, आणि तो पोचा माझ्याच हातून पडलेला होता. गोल टीव्हीशेजारी ठेवला आणि बरेच दिवस त्याच्याकडे बघत बसलो. एवढ्या मोठ्या पृथ्वीवर आपण स्वतः काढलेली एक रेघ नाही, हे तेव्हा पहिल्यांदा टोचलं.

ती रेघ काढायची म्हणून पुढचा सगळा उद्योग.

सायकल तोवर घरात आलेली होती, पण ती माझ्यामुळे नव्हे, माझ्या मित्राच्या साखरेमुळे. मित्राचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. आम्ही एका गल्लीत वाढलो, एका बाकावर बसलो, पुढे मी मास्तर झालो आणि तो मालक. सोलापुरात तसं कुणीही कुणालाही मालक म्हणतं, पण हा खराखुरा मालक आहे. डॉक्टरांनी त्याला व्यायाम सांगितला. एकट्याने हाफ चड्डीत गल्लीतून जायची लाज वाटते म्हणून त्याने मलाही गिअरची सायकल घ्यायला लावली. दोघं असलो की लाज निम्मी होते, हा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात ती दुप्पट झाली, कारण गल्लीतली पोरं आता दोघांना मिळून हसायला लागली.

रोज सकाळी विजापूर रोडने सीनेच्या पुलापर्यंत जायचं, पुलावर पाणी प्यायचं, आल्या वाटेने परतायचं. एकदा पुलाच्या कठड्याला टेकून मी म्हटलं, हे शाळेत जाण्यासारखंच झालं, गेलो तसे आलो. जाताना एक वाट आणि येताना दुसरी पाहिजे. वळसा पाहिजे. मालक म्हणाला, कुठला? मी हवेत हात फिरवून नैऋत्येकडे एक मोठा गोल काढला. बोलताना हात हवेत फिरवायची मास्तरकीची खोड आहे, तिला फारसा अर्थ नसतो. पण मालक त्या गोलाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग आख की."

मी आखायला बसलो. विजापूर रोडने मंद्रूप, तिथून आत कुडलच्या संगमावर, जिथे भीमा आणि सीना एक होतात आणि काठावर फार जुनी देवळं आहेत. तिथल्या शिलालेखाचा अर्थ काहीजण असा सांगतात, की जो हे वाचेल त्याचा विजय होईल. मी तो वाचून आलो होतो आणि त्या भरवशावर होतो. संगमावरून पश्चिमेला वळायचं, एका बंधाऱ्यावरून भीमा ओलांडायची, ज्वारीच्या काळ्या रानांतून मंगळवेढा गाठायचं. परतीला माचणूर, नदीकाठचं देऊळ आणि दिल्लीच्या बादशहाची छावणी पडली होती तिथला पडका किल्ला. मग हमरस्त्याने सोलापूर. सगळं मिळून शंभराच्या वर किलोमीटर होत होते. आमचा आवाका तोवर सीनेच्या पुलापर्यंत.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात. तुम्ही मंगळवेढ्याला चाललात, तेही गोल फिरून."

चढ कुठे आहेत ते कळायला हवं होतं. फोनवर ते दिसतं म्हणतात, पण मला माझी स्वतःची पद्धत हवी होती. मी एसटीने प्रवास केला. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचं, डोळे मिटायचे आणि गिअर ऐकायचे. गाडी कण्हली की चढ, मोकळी झाली की उतार. मंद्रूपच्या अलीकडे गाडी अशी काही कण्हली की मी तिथे अवघड चढ असल्याचं ठरवून टाकलं आणि मालकाला फार गंभीरपणे सांगितलं की इथे दम राखून ठेवायचा. त्या दिवशी बाजार होता आणि गाडीत माणसं, पोती, कोंबड्या असं सगळं टपापर्यंत भरलेलं होतं, हा मुद्दा माझ्या अभ्यासातून निसटला.

जिथे एसटी जात नाही तिथे मालकाच्या स्कूटरवरून गेलो. पण बंधाऱ्याच्या अलीकडेच थांबलो. तो म्हणाला, "मास्तर, हितनं पुढं स्कूटरनं नको. ह्या वाटेवर पहिलं चाक सायकलचं, आणि आपल्या दोघांचं. तोवर कुणाला सांगायचं न्हाई." हे तो म्हणाला, मी नाही. परत आल्यावर आम्ही सायकलच्या दुकानासमोर नारळ फोडला. एक वाटी त्याची, एक माझी. वळसा तिथूनच सुरू करायचा आणि तिथेच आणून मिटवायचा असं ठरलं. मी पूर्ण नकाशा फोनवर रंगवून त्याला पाठवला. निळी रेघ. ती बघायला मी दिवसातून कितीदा फोन उघडायचो, ते बायकोला विचारा, मला नको.

पावसाळा गेला. दसऱ्याला दुकानात गर्दी म्हणून जमलं नाही. दिवाळीत त्याच्या लेकीचा दिवाळसण. जावई पुण्याचा, सायकलवेडा, ज्याच्या सायकलच्या किमतीत आमच्या गल्लीत एक लग्न पार पडेल असा. मी दिवाळसणाच्या जेवणाला होतो. जावई गप्प गप्प होता. जावयाने रुसायचंच असतं, त्यावर आम्ही सगळे हसलो आणि पंक्तीत बसलो. त्यानंतर मालक थोडे दिवस सकाळी आलाच नाही. भेटला तेव्हा नाकाची साल निघाली होती आणि चालताना पाय फाकवत होता. मी त्याला बजावलं, मालक, तुझी साखर वाढलीय, टेस्ट करून घे. तो म्हणाला, "व्हय, घेतो." मला वाटलं, किती ऐकतो हा माझं.

शेवटी संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली आणि आम्ही निघालो.

सकाळ अशी होती की मला स्वतःचा अभिमान वाटावा. मंद्रूपच्या अलीकडे मी ओरडून सांगितलं, आता चढ. मालकाने लगेच गिअर हलका केला, मान खाली घातली आणि धापा टाकायला लागला. मीही टाकल्या. रस्ता मात्र सपाटच राहिला. बरंच पुढे गेल्यावर मी म्हटलं, चढ जाणवलाच नाही, तयारी चांगली झालीय आपली. तो म्हणाला, "तुझ्यामुळं, मास्तर."

कुडलला देवळांत हिंडलो. तो शिलालेखाजवळ जास्त थांबला नाही. संगमावरून पश्चिमेला वळलो आणि मग तर सायकली आपणहून धावायला लागल्या. दोन्हीकडे ज्वारी, कणसं भरलेली, पाखरं हाकायला माळ्यावर उभी राहिलेली माणसं हात करत होती. पॅडलला जोर लावावा लागत नव्हता. मी मनाशी म्हटलं, या वयात पाय असे तयार झाले. एका फाट्यावर मी फोन काढून उजवीकडे की डावीकडे बघतोय, तोवर मालक उजवीकडे वळलासुद्धा. बंधाऱ्याच्या उतारावर डांबर जाऊन मोठा खड्डा झाला होता, वळणामुळे तो दिसत नव्हता. मालकाने वळणाच्या आधीच ब्रेक दाबला. मी पडलो. गुडघा पुसत उठलो आणि त्याचं कौतुक केलं, की तुला रस्त्याचा अंदाज चांगला येतो.

आता हे सगळं सांगताना माझी मलाच दया येते. तीस वर्षं वर्गात कोण कॉपी करतंय ते पाठीमागून ओळखणारा माणूस मी.

बंधारा ओलांडला की चढावर एक पत्र्याचं हॉटेल आहे. एक म्हातारी चालवते. मागे मेंढरांचा वाडा, पुढे दोन बाकडी. तिथे थांबायचं हे माझ्या नकाशात नव्हतं. इथे हॉटेल आहे हेच मला माहीत नव्हतं. मालकच थांबला. मी दोन चहा सांगितले. म्हातारीने आधी माझ्यापुढे कप ठेवला, मग दुसरं भांडं उचललं, वेगळा चहा ओतला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"तुमचा बिनसाखरंचा," ती म्हणाली. "जावईबापू न्हाईत आले व्हय ह्या टायमाला?"

मी आधी हसलो. माणूस चुकीच्या माणसाला ओळखतो तेव्हा आपण हसतो, तसा. मालक म्हणाला, दुसरं कुणी असेल मावशी. ती म्हणाली, "न्हाय ओ, तुमीच की. बंधाऱ्यावर माज्याकडनं फटू काढून घेतला दोघांचा. तुमी कळशीभर पानी डोसक्यावर घेतलं, इसरला का?"

मी मालकाच्या नाकाकडे बघितलं. नवी साल आली होती.

मी विचारलं, कधी? तो म्हणाला, दिवाळीत. आणि मग तो बिनसाखरेच्या चहात चमचा फिरवत बसला.

हळूहळू सांगितलं त्याने. जावई रुसला होता तो रीत म्हणून नव्हे, खरोखरच. अंगठी दिली, कपडे दिले, तोंड सरळ होईना. शेवटी लेकीकडून कळलं, त्याला चार दिवस सायकल चालवायची होती आणि इथे चालवण्यासारखं काय आहे, सगळं सपाट आणि धूळ, असं तो म्हणाला होता. "मग माझी सटकली," मालक म्हणाला. "म्हणलं, सोलापूरला नावं ठिवतोस व्हय. काढला फोन आणि दावली ती निळी रेघ."

लोक दिवाळसणाला जावयाला घड्याळ देतात, सोन्याचा गोफ देतात, ऐपत असली तर मोटरसायकल देतात. याने माझा रस्ता दिला. आणि त्या पंगतीत मी जिलबी मागून घेतली होती.

मी विचारलं, आखला कुणी म्हणून सांगितलंस?

बोलली म्हातारी. भांडी विसळता विसळता, चांगल्या मनाने. "ह्येंनीच आखलाय की समदा. जावई लई कवतिक करत हुता सासऱ्याचं."

"तसं त्यानंच धरलं, मास्तर," मालक म्हणाला. "मी फक्त न्हाई म्हणलो न्हाई."

मी काहीतरी मोठं बोलणार होतो. बोलायला तोंड उघडलं आणि मला मंद्रूपचा चढ आठवला. तो चढ तिथे नाही, हे त्याला दिवाळीपासून माहीत होतं. नसलेल्या चढावर हा माणूस माझ्यासाठी धापा टाकत होता. बाकी सगळं एक वेळ गिळलं असतं. त्या धापा घशाखाली जाईनात.

मी उठलो, हेल्मेट उलटं घातलं, ते सरळ केलं आणि निघालो. मागून तो ओरडत होता. म्हणत होता की ते दोघं इथवरच आले होते, पुढे जावयाच्या टायरात बाभळीचा काटा गेला, मग गाडी बोलावून परत गेले. मंगळवेढा त्यानेही बघितलेला नाही. "हितनं पुढं पहिलं चाक दोघांचंच हाय, मास्तर."

म्हणजे गड्याने फसवणूकसुद्धा अर्धवट केली होती. उरलेली अर्धी मला देऊ करत होता, नारळाची वाटी द्यावी तशी.

मंगळवेढ्यापर्यंत मी त्याला जवळ येऊ दिलं नाही. रागात पाय फार चांगले चालतात, असं तेव्हा वाटलं. गावात शिरलो, हुरड्याचा वास येत होता, लोक ज्वारीचं कौतुक सांगत होते, मी थांबलो नाही. गाव पाहायचं ठरलं होतं, पाहिलं नाही. सोलापूरच्या रस्त्याला लागलो, तोंड पूर्वेला झालं, आणि कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलावं तसं झालं.

वारा.

थंडीत आमच्याकडे वारा ईशान्येकडून, पूर्वेकडून येतो. हे मी तीस वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलं, बाण चुकला की मुलांना उभं केलं. देवळं बघितली, बंधारे बघितले, एसटीचे गिअर ऐकले, पण निळी रेघ काढताना माझ्या स्वतःच्या फळ्यावरचा तो बाण मला आठवला नाही. कुडलपासून मंगळवेढ्यापर्यंत पळवत आणणारे माझे पाय नव्हते, तो वारा होता. आता तो समोर होता, आणि थकायची सगळी वाट मी परतीला ठेवली होती. पुलावर तो हात पूर्वेकडे फिरवला असता, तर निघताना ताज्या पायांनी वारा छातीवर घेतला असता, आणि परतीला त्यानेच पाठीवर हात ठेवून घरी आणलं असतं. भूगोलाच्या पेपरात एवढा प्रश्न एका गुणाला असतो.

माचणूरच्या आधीच माझा दम संपला. पॅडल मारतोय आणि शेजारून चाललेली म्हैस पुढे जातेय, अशी अवस्था. तेवढ्यात मालक मागून आला, माझ्या पुढे गेला आणि मुद्दाम सावकाश चालवायला लागला.

सायकलवर समोरून वारा असला की दोघं असं करतात. एकाने पुढे राहून वारा छातीवर घ्यायचा, दुसऱ्याने त्याच्या मागच्या चाकाला चिकटून आडोशाला चालवायचं, मग अदलाबदल. आम्ही रोज तसंच करायचो. तो आता मला आडोसा देत होता. मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गेलो, माझा वारा मी घेईन म्हणून. तोही सरकला. मी परत सरकलो. मागून ट्रकवाल्याने आम्हा दोघांना मिळून एक शिवी दिली. थोड्या वेळाने मी त्याच्या चाकामागे आलो. माफ केलं म्हणून नाही. पाय चालत नव्हते म्हणून.

त्या रस्त्याचं मला आता काय आठवतं विचाराल, तर मालकाची पाठ. शर्ट भिजून बनियनला चिकटलेला, डावा खांदा जरा खाली. माचणूरचं देऊळ उजवीकडे की डावीकडे, तेही मी सांगू शकणार नाही. ज्या माणसाने आपल्याला फसवलं त्याच्याच पाठीच्या आडोशाने घरी यायचं, आणि आडोसा तर खराच होता. थंड, चांगला आडोसा. त्याने पाळी बदलायला एकदाही हात केला नाही. मीही पुढे गेलो नाही.

सोलापूर आलं. सायकलचं दुकान दोन-एक किलोमीटरवर राहिलं. तिथे पोचलो की वळसा मिटणार होता. एका चौकात तो सरळ गेला आणि मी डावीकडे, घराच्या रस्त्याला वळलो. त्याला कळायला वेळ लागला असेल. मागे बघितलं नाही मी.

बायकोने दार उघडलं. गुडघा बघितला, तोंड बघितलं, म्हणाली, "मिटला का तुमचा वळसा?" मी म्हटलं, नाही. ती आत जाऊन हळद घेऊन आली. संध्याकाळी मालक येऊन अर्धा नारळ ठेवून गेला म्हणे, मी झोपलो होतो. म्हणजे डोळे मिटून पडलो होतो. बायकोने त्याच्या वड्या केल्या. मी खाल्ल्या.

आता आम्ही सकाळी भेटतो, बोलतो, पुलापर्यंत जातो. साखर त्याची आटोक्यात आहे. राहिलेले ते दोन किलोमीटर तो काढत नाही आणि मीही काढत नाही. सायकलमध्ये हवा भरायला मी दुसऱ्या दुकानात जातो.

मध्यंतरी एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर एक नकाशा पाठवला. सर, तुमच्या विषयातलं आहे, बघा. निळी रेघ मी लगेच ओळखली. जावयाने ती सायकलवाल्यांच्या एका वेबसाइटवर टाकली होती, वर नाव दिलं होतं, सासऱ्यांचा वळसा. पुष्कळ जण जाऊन आले होते. देवळांचे फोटो, बंधाऱ्याचे फोटो, म्हातारीच्या हॉटेलातले चहाचे कप. मी एकेक बघत खाली गेलो. एकाने लिहिलं होतं, जाताना स्वर्ग आहे, पण परतीला वारा समोरून जीव काढतो, आखणाऱ्याने शाळेत भूगोलाचा तास बुडवलेला दिसतो. त्याखाली बऱ्याच जणांनी हसून घेतलं होतं. एकाने सासऱ्यांना वाऱ्याच्या दिशेने बांधून ठेवा म्हटलं होतं.

मीही हसलो. आणि मग इतका चिडलो की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. देवळं नेली, बंधारा नेला, ज्वारी नेली, कौतुक नेलं. पण वाऱ्याची ती चूक अस्सल माझी होती. तशी चूक करायला तीस वर्षं भूगोल शिकवावा लागतो. चादरीवाल्याचं ते काम नव्हे. आणि त्या चुकीच्या शिव्यासुद्धा मालक खात होता, गुपचूप, न्हाई न म्हणता.

चष्मा लावून मी एका बोटाने खाली लिहिलं, की वारा विसरलो तो मी, सासऱ्यांचा त्यात काही संबंध नाही.

थोड्या वेळाने कुणीतरी उत्तर दिलं, काका, आपण कोण?

मी उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, परत घेतलं. फोन अजून तसाच टीव्हीशेजारी गोलाला टेकवून ठेवलाय.